जास्वंदीचा लाल कितीला पडतो?

आकडा आधी सांगते : साधारण तेराशे रुपये. आपल्या गॅलरीतली किंवा गच्चीवरची बाग जलरंगात उतरवायला, आणि फुलाचा खरा रंग हाताला लागावा इतपत सामान घ्यायला, सुरुवातीला एवढे पैसे पुरतात. पुढे महिन्याला दीडशेच्या आत भागतं. या लेखातले भाव मी पुण्यातल्या दुकानांत मोजलेले आहेत. तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशेबाचं प्रमाण तेच राहील.

हा हिशेब मांडावासा वाटला, कारण हौसेने तीन-चार हजार खर्च करून दोन महिन्यांत सगळं माळ्यावर टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. दुकानात गेलं की सगळ्यात मोठी पेटी घ्यायची आणि सोबत शाळेतला ड्रॉइंग पेपर, हा आपला नेहमीचा क्रम. मग कागद पापडासारखा उठतो, दुसरा हात दिला की पहिला रंग उखडून येतो, आणि "आपल्याला काही जमत नाही बाई" म्हणून विषय संपतो. त्यांना जमलं असतं. पैसे उलट्या जागी गेले होते, एवढंच.

म्हणून पहिला खर्च कागदाचा. पैसे वाचवायचे असतील तर रंगांत वाचवा, ब्रशात वाचवा, कागदात वाचवू नका.

कागदावर जीएसएम लिहिलेलं असतं. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. जलरंगाला ३०० जीएसएम हवा. त्याच्या खालचा कागद पाणी पडलं की फुगतो, खड्डे पडतात आणि रंग खड्ड्यांत जाऊन बसतो. दुसरी गोष्ट, कागद कशाचा आहे? लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त असतो, पण त्यावर रंग फार पटकन बसतो, पाकळीच्या टोकाकडून देठाकडे फिका होत जाणारा गुलाबी काढायला उसंतच मिळत नाही. सुती कागद पाणी धरून ठेवतो. ओल्यात ओलं मिसळायला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि वाळल्यावर वरून दुसरा थर दिला तरी खालचा हलत नाही.

आपल्याकडे यात एक मोठी सोय आहे, ती म्हणजे देशी हातकागद. सुती कापडाच्या कातरणापासून कागद करायचं काम पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून चालत आलं आहे. चित्रकलेच्या दुकानांत 'चित्रपट' या नावाचा देशी सुती हातकागदही मिळतो. ३०० जीएसएमचा २२ बाय ३० इंचाचा पूर्ण ताव मला १२० ते १८० रुपयांना पडतो. त्याच मापाचा फ्रेंच 'आर्श' साडेसहाशेच्या पुढे जातो. आर्श उत्तम आहे, पण शिकताना माणूस भीत भीत रंगवतो आणि महागड्या कागदावर तर जास्तच भितो.

हातकागदात एक दोष असतो, तावातावात फरक पडतो. कागद बनवताना त्यात किंवा त्यावर खळ दिलेली असते. ती कमी पडली की कागद टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. दुकानदाराला विचारून ओल्या बोटाचा ठसा एका कोपऱ्यावर उमटवून बघा. पाणी वर चमकत राहिलं तर ताव घ्यावा, ठसा लगेच गडद होऊन आत गेला तर ठेवून द्यावा. मी ज्यांच्याकडून कागद घेते ते काका आता स्वतःच पाण्याची वाटी पुढे करतात. "ताई, बघून घ्या, नंतर परत घेणार नाही," म्हणतात. हा व्यवहार मला आवडतो.

ताव घरी आणून फाडायचा, कापायचा नाही. घडी घालून नखाने दाबली आणि पट्टी धरून ओढलं की हातकागदाला छान दातेरी कड येते. लांबीचे चार आणि रुंदीचे चार भाग केले की साडेपाच बाय साडेसात इंचाचे सोळा तुकडे होतात. दीडशेचा ताव धरला तर एक तुकडा साडेनऊ रुपयांना पडला. एक फूल आणि दोन पानं मावायला एवढी जागा भरपूर आहे. बंद गठ्ठ्याच्या पॅडमध्ये हाच हिशेब बहुतेक वेळा दुपटीच्या वर जातो, म्हणून मी पॅड घेत नाही.

आता रंग. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा थांबून सांगते. सुरुवातीला ऑनलाइन एक छत्तीस रंगांची पेटी मागवली होती, आठशे रुपयांची. त्यातल्या दोन भडक गुलाबीने गच्चीवरची बोगनवेल रंगवली, फ्रेम केली आणि दिवाणखान्यात खिडकीसमोर लावली. वर्षाच्या आत पानं तेवढी राहिली आणि फुलांच्या जागी पिवळट डाग उरले. ट्यूब उलटून पाहिली तर रंगाचं गोड नाव सोडून त्यावर काहीच छापलेलं नव्हतं.

नावावर जाऊ नका, ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. प्रत्येक रंगद्रव्याला जगभर एकच क्रमांक असतो. अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी २९, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७. पीआर ८३ दिसला तर तो जुना अ‍ॅलिझरिन क्रिमसन, दिसायला देखणा पण उजेडात उडणारा. 'ऑपेरा' नावाचा झगझगीत गुलाबीही तसाच, त्यात चमक आणणारा भाग टिकत नाही. नावापुढे 'ह्यू' असेल तर मूळ महाग रंगद्रव्याऐवजी तसं दिसणारं स्वस्त द्रव्य घातलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण भाव मूळचा मोजू नये. एका ट्यूबवर तीन-चार क्रमांक असतील तर तो तयार मिसळलेला रंग आहे आणि दुसऱ्या रंगात घातला की लवकर मातकट होतो.

बागेसाठी मला सहा ट्यूब पुरतात. लेमन यलो, गॅम्बोजसारखा उबदार पिवळा, एक शेंदरीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, हे पाच कॅमलच्या आर्टिस्ट दर्जाच्या सुट्ट्या ट्यूबमध्ये घ्या. प्रत्येकी सरासरी ९० रुपये धरले तर साडेचारशे झाले. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या या मुंबईच्या कंपनीची स्टुडंट पेटी आपल्या प्रत्येकाच्या दप्तरात होती. ती इथे घेऊ नका, शाई-पेटीच्या आठवणीपोटीही नको. तिच्यात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. त्याच कंपनीचा आर्टिस्ट दर्जा वेगळा आहे.

सहावी ट्यूब मात्र हात सैल सोडून घ्या. ती म्हणजे पीव्ही १९, क्विनाक्रिडोन जातीचा गुलाबी. विन्सर अँड न्यूटनच्या कॉटमन मालिकेत तो 'परमनंट रोज' नावाने येतो, ८ मिलीची ट्यूब अडीचशे ते साडेतीनशेला. आपल्या बागेत गुलाबी किती आहे ते मोजून बघा : सदाफुली, कांचन, मधुमालती, बोगनवेल, कण्हेर, गावठी गुलाब. यातला एकही लालमध्ये पाणी घालून येत नाही, विटकरी होतो. परमनंट रोजमध्ये अल्ट्रामरीन मिसळला की जांभळ्याच्या सगळ्या पायऱ्या मिळतात, उबदार पिवळा मिसळला की अबोलीपर्यंत जाता येतं. एका ट्यूबमध्ये अर्धी बाग आहे. काळा रंग नको. सॅप ग्रीनही सुरुवातीला नको, कारण तो हाताशी असला की गोकर्णीचं, तुळशीचं आणि जास्वंदीचं पान एकाच हिरव्यात संपतं.

मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी एक सूचना. सेनेलिएसारख्या काही परदेशी रंगांत मध असतो. आपल्या पावसाळी हवेत ते पॅलेटवर वाळतच नाहीत, चिकट राहतात. डिंकावर बांधलेले साधे रंग तिथे बरे.

ब्रश दोनच घ्या, आठ नंबरचा गोल आणि तीन नंबरचा. दोन्ही सिंथेटिक, मिळून दोनशे-सव्वादोनशे. घेताना पाण्यात बुडवून झटका द्यावा, टोक आपोआप एकत्र आलं पाहिजे. कोणी "खास केस" म्हणून मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर घेऊ नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणं-विकत घेणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने देशभर छापे घातले होते. या ब्रशांसाठी मुंगसं मारली जातात. फूल रंगवायला ते कशाला?

पॅलेटचा खर्च शून्य, घरातली चिनीमातीची पांढरी बशी घ्या. प्लास्टिकवर रंगाचे थेंब गोळा होतात, बशीवर पसरतात. दोन बाटल्या पाण्याच्या, एक जुना सुती पंचा, चाळीस रुपयांची मास्किंग टेप. दोन ताव तीनशे, रंग साडेसातशे, ब्रश सव्वादोनशे, टेप चाळीस. तेराशे पंधरा झाले.

नंतरचा हिशेबही करून टाकू. आठवड्याला दोन चित्रं म्हणजे वर्षाला एकशेचार, सोळा तुकड्यांच्या हिशेबाने सात ताव, म्हणजे हजार-पन्नास. ट्यूब वर्षभरात तीन-चार संपतील, त्याचे सहाशे धरा. महिन्याला एकशेचाळीस.

ज्याला दमडी लागत नाही आणि ज्यावाचून वरचे तेराशे वाया जातात, ते म्हणजे बघणं.

माझ्या फाटकावर मधुमालती आहे. तिची कळी संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरी असते. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग असतात, आणि ते तीन जातींचे नसून तीन वयांचे आहेत हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. रोज त्या फाटकातून जात होते. एका देठाला दोरा बांधून तीन दिवस सकाळी सातला त्याच फुलाची पट्टी रंगवली तेव्हा कळलं. लाल झालेल्या फुलाची पाकळी मागून अजून फिकी असते, हेही तेव्हाच दिसलं.

बघण्यासाठी एक साधन करा. पांढऱ्या पोस्टकार्डाला पंचिंग मशीनने भोक पाडा आणि त्यातून पान बघा. जास्वंदीचं पान हिरवं असतं हे आपण शाळेत शिकलो, पण भोकातून बघितलं तर वरच्या वळणावर जवळजवळ पांढरट निळा दिसतो, कारण पान तुकतुकीत आहे आणि त्यात आभाळ पडलंय. वळणाखाली खरा हिरवा. ऊन मागून येत असेल तिथे पोपटी, इतका पिवळा की लेमन यलोमध्ये निळ्याचा नुसता स्पर्श पुरतो. शिरेजवळ गडद, तिथे अल्ट्रामरीन, गॅम्बोज आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. एका पानावर तीन हिरवे आणि एक निळा झाला. कार्डाशिवाय मेंदू "हिरवं, हिरवं" म्हणत राहतो आणि डोळ्याला बोलू देत नाही.

आता शीर्षकातली जास्वंद. लाल ट्यूब घेऊन पाकळी भरली की ती कागदी फुलासारखी दिसते. मी आधी सगळ्या पाकळीला उबदार पिवळ्याचा अगदी पातळ हात देते आणि तो ओला असतानाच कडेने लाल सोडते. आतून उजेड आल्यासारखं वाटतं ते त्या पिवळ्यामुळे. पूर्ण वाळल्यावर परमनंट रोजचा दुसरा थर, मधल्या शिरांच्या बाजूने, टोकाला न नेता. देठाकडच्या घशात त्याच गुलाबीत थोडा अल्ट्रामरीन घालून आमसुली छटा. सगळ्यात उजळ जागा, पाकळी वळते तिथली, कोरी सोडलेली. चार ट्यूबमधून मिळून रंग गेला जेमतेम दोन थेंब, कागद साडेनऊ रुपयांचा. दहा-बारा रुपयांत एक जास्वंद झाली. वेळ मात्र दीड तास.

पांढऱ्या फुलाला रंग लागतच नाही असं वाटतं. मोगऱ्याची सावली राखाडी नसते. खालच्या पानांचा हिरवा तिच्यात उजळून येतो, आणि वरच्या बाजूला निळसर असते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा पाण्यासारखा पातळ राखी करून त्याच्या एका कडेला हिरवा टेकवा. फूल स्वतः म्हणजे कोरा कागद. म्हणून तर कागद चांगला हवा.

फोनवर काढलेल्या फोटोवरून रंगवू नका, निदान गोकर्ण तरी नको. तिच्या निळ्यात जो जांभळा आहे तो फोन बऱ्याचदा गिळून टाकतो. फोटो आकारासाठी ठेवा, रंग फुलासमोर बसून जुळवा. आणि गोकर्णाच्या फुलाचाच रस काढून रंगवायचा मोह झाला तर खेळ म्हणून जरूर करा, लिंबू पिळून तो जांभळा होताना मुलांना दाखवा, पण चित्रासाठी नको. उजेडात तो टिकत नाही.

रोजच्या पट्ट्यांना नावं द्या. एडिंबरामध्ये पॅट्रिक साइम या फुलांच्या चित्रकाराने १८१४ मध्ये रंगांची एक नामावली छापली. प्रत्येक रंगासमोर तो कोणत्या प्राण्यात, वनस्पतीत, खनिजात सापडतो ते लिहिलं. डार्विनने ती बीगल जहाजावर सोबत नेली होती. आपली मराठी तर बसल्या जागी अशी नामावली आहे : अबोली, गुलबक्षी, मोतिया, डाळिंबी, अंजिरी, जांभळा, आमसुली, पोपटी, केशरी, शेवाळी. साडीच्या दुकानात हे शब्द अजून जिवंत आहेत. बागेत बसून पडताळा घ्या, साडीतला अबोली गजऱ्यातल्या अबोलीपेक्षा बहुधा गुलाबी निघतो. माझ्या वहीत आता तीन अबोली आहेत, तिन्हींखाली तारीख आणि वेळ.

या कामाची आपल्याकडे परंपराही आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची जलरंग चित्रं करून घेतली. चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. दापोडीच्या उन्हात बसून पानांचे हिरवे जुळवणाऱ्या त्या माणसाचं नाव मात्र राहिलं नाही. तुम्ही तुमच्या चित्राखाली तुमचं लिहा.

घरी बाग नसेल तर अडत नाही. सदाफुलीचं रोप नर्सरीत तीस-चाळीस रुपयांना, जास्वंदीचं शंभर-दीडशेला, गोकर्णाचं बी शेजारच्या कुंपणावरून फुकट. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, तिथे जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग. तिचं तिकीट २०१७ मध्ये ५० रुपये झालं, बुधवारी बाग बंद असते. तिथे उर्वशीचं झाड आहे, लाल फुलांचे झुंबरासारखे लोंबणारे घोस येणारं. ते एक झाडच तिकीट वसूल करतं. सार्वजनिक बागेत खाली पडलेलं फूल उचला, तोडू नका, आणि बाग उघडताच जा. साडेदहानंतर ऊन पांढरं पडतं, रंग दिसेनासे होतात आणि ब्रश टेकेपर्यंत रंग वाळतो.

शिकवणीवर खर्च करायचा असेल तर एक दिवसाची कार्यशाळा हजार ते अडीच हजारांत होते. त्याआधी मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं ग्रंथालयात बघा. ती निसर्गदृश्यांची आहेत, पण पाणी किती आणि रंग किती याचा अंदाज फुलांनाही तसाच लागू पडतो. इझल, मास्किंग फ्लुइड, पांढरा गौश, सेबल केसांचा चार आकडी किमतीचा ब्रश, यांतलं पहिल्या वर्षी काहीही नको.

खरेदीची पावती ठेवा. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि वजन-माप छापलेलं असायला हवं. एमआरपीहून जास्त पैसे मागितले किंवा बंद पेटीत सुकलेल्या ट्यूब निघाल्या आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पावसाळ्यात कागद जपा. दमट हवेत खळ कुजते, आणि मग रंग लावल्यावर पांढरे किंवा गडद ठिपके उमटतात, ते आधी दिसत नाहीत. ताव प्लास्टिकच्या पिशवीत, औषधाच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट, भिंतीपासून दूर ठेवा.

आणि नवी ट्यूब आणली की पहिल्याच दिवशी तिची पट्टी ओढा. अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवा आणि दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून लावून ठेवा. तीन महिन्यांनी काळा कागद काढा. दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग वहीतल्या सरावाला वापरा, भिंतीवर लावायच्या चित्राला नको. पट्टीच्या मागे तारीख आणि ट्यूबचं नाव पेन्सिलनेच लिहा, पेनची शाई उन्हात उडते.